मिरचीचा हंगाम आणि खाजामामूंचा टेम्पो

संक्रांत उलटली की धर्माबादेत हंगाम आधी नाकाला कळतो. मोंढ्याकडून, म्हणजे घाऊक बाजाराकडून, वारा आला की रस्त्यात बोलत उभा असलेला माणूस मधेच थांबतो, डोळे बारीक करतो आणि शिंकतो. काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. "आली वाटतं," एवढंच म्हणतात. आली म्हणजे मिरची. गावाबाहेरच्या माळावर ती वाळत पडते, इतकी की दुपारी त्या बाजूच्या घरांच्या भिंतींवर तांबूस उजेड येतो. देठ खुडणाऱ्या बाया डोक्यापासून नाकापर्यंत पदर गुंडाळून बसतात, फक्त डोळे दिसतात. सीमेपलीकडून आलेले व्यापारी तेलुगूत भाव करतात आणि मधे मधे मराठीत खोकतात, असं आप्पा म्हणायचे. खोकल्यालाही भाषा असते, हे त्यांचं मत होतं.

यंदाही ती आली आणि मी आप्पांना लातूरला पोचवून आले. एसटीत खिडकीशी बसवलं, तर म्हणाले, "खिडकी कशाला, मला काय पाहायचंय?" आणि नांदेड येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

आप्पा म्हणजे माझे वडील, लक्ष्मण. मोंढ्यात तीस वर्षं त्यांनी मिरचीची पोती वाहिली. हा हंगाम त्यांचा सणच होता. सकाळी नाकाला ओला रुमाल बांधून निघायचे, संध्याकाळी परतायचे तेव्हा भुवयासुद्धा लाल झालेल्या असायच्या. आई दारातच त्यांचे कपडे घेऊन बादलीत बुडवायची. जेवणाआधी गुळाचा खडा ठरलेला. गुळानं घसा धुतला जातो, असं सगळे हमाल मानत. त्यांचा तळहात आमच्या गालाला लागला तर गाल तासभर चुरचुरायचा. म्हणून हंगामभर ते आम्हा दोघी बहिणींना कोपरानं जवळ घ्यायचे. कोपरानं जवळ घेणारे वडील बाकी कुणाला होते की नाही, मला माहीत नाही.

आता डॉक्टरांनी सांगितलंय, मिरचीच्या दिवसांत यांना गावात ठेवू नका. धाकटी बहीण लातूरला असते, तिचं घर डाळमिलच्या मागच्या गल्लीत. दुसऱ्या दिवशी तिथून फोन आला. "रेणा, इथं बी भुसा उडून राहिलाय. पर ह्याला तिखट न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "आवक कशी हाय गं यंदा?"

मी म्हणाले, बरी आहे. खरं तर मी मोंढ्याकडं फिरकत नाही. मी पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या खोक्यात बसते आणि गाड्यांची पीयूसी काढते.

नांदेडच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. शिकून आले, पण गॅरेजवाल्यांनी कुणी ठेवलं नाही. पंपाच्या मालकांनी धूर तपासायचं मशीन घेतलं तेव्हा त्यांना आयटीआयचं सर्टिफिकेट असलेलं माणूस हवं होतं, तशी मी लागले. काम तसं साधं आहे. पेट्रोलची गाडी असली तर सायलेन्सरमध्ये नळी घालून थांबायचं. डिझेलची असली तर नळी घालून ड्रायव्हरला म्हणायचं, दाबा. तो तीन-चार वेळा रेस करतो, मशीन धुराचा काळेपणा मोजतं, कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि आकडा थेट सरकारच्या संगणकात जातो. आकडा बसला तर कागद निघतो, नाही बसला तर निघत नाही. पूर्वी गाडी घरी उभी असली तरी कागद मिळायचा, असं लोक मला ऐकवतात. त्यांना वाटतं, धूर मी ठरवते.

मला आठवतो तो चार वर्षांपूर्वीचा हंगाम. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. कोरी करकरीत नोकरी आणि तेवढाच कोरा माझा ताठा. सरकारनं हवेसाठी एक नियम केलाय आणि त्या नियमाचं शेवटचं टोक, म्हणजे ती नळी, माझ्या हातात आहे, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटायचं.

त्या टोकाला एक दिवस खाजामामूंचा टेम्पो येऊन उभा राहिला.

खाजामामू आप्पांचे मोंढ्यातले दोस्त. आप्पा पोती भरायचे, मामू ती सीमेपलीकडच्या गोदामात पोचवायचे आणि उतरवून घ्यायला आप्पा त्यांच्या शेजारी बसून जायचे. वीस वर्षं दोघं असे एका सीटवर बसले. टेम्पो मामूंचा स्वतःचा. आधी एक जुना होता, तो विकून हा नवा कोरा घेतला, त्या दिवशी आमच्या दारात आणून उभा केला होता. मी आयटीआयला जायला लागले तेव्हा गल्लीत हसणं चाललं होतं, पोरगी आता गाडीखाली झोपणार म्हणून. मामूंनी मला बोलावलं, टेम्पोची सीट उचलली आणि खालचं इंजिन दाखवलं. "ये बेटी. हा पंप, हे नोझल, हितनं डिझेल जातंय. हात काळे कर. उद्या माझी गाडी तूच बघशील." पुस्तकातलं नोझल मी परीक्षेपुरतं शिकले. खरं नोझल मी त्या टेम्पोत बघितलं.

मामू आले ते पांढरा सदरा घालून. "आज बेटीच्या हातचा कागद," पंपावरच्या पोरांना सांगत होते. मी नळी घातली. "दाबा मामू." त्यांनी दाबलं. पंपाच्या मागच्या भिंतीवर काळा ढग चढला. मी परत म्हणाले, दाबा. परत ढग. मशीननं आकडा दाखवला आणि खाली लाल अक्षरं.

"नापास झालीय मामू."

ते हसले. त्यांना चेष्टा वाटली. "नापास? गाडी काय शाळंत घातली का मी?"

मी त्यांना समजावून सांगितलं. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. इंजिनाला जेवढं देताय तेवढं त्याला पचत नाही, उरलेलं मागून बाहेर पडतं. म्हणून तर गाडी लिटरमागं कमी पळते. मामूंनी सायलेन्सरकडं बघितलं. "म्हंजी इतकी वर्षं मी डिझेल हवेत सोडून राहिलो व्हय?" त्यांना धुरापेक्षा या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं.

भर हंगामात दोन दिवस गाडी बंद ठेवून त्यांनी नोझल नांदेडला पाठवलं, तपासून आणलं, फिल्टर बदलला, ऑइल बदललं. परत आले. धूर कमी झाला होता, पण आकडा बसला नाही. मग इंजिनातला पंप खोलून घेतला. तिसऱ्यांदा आले तेव्हा सदरा रोजचाच होता. मी नळी घालताना मनातल्या मनात मशीनला विनवत होते. मशीनला कुणाची ओळख नसते, आयटीआयमध्ये आम्हाला हेच अभिमानानं शिकवलं होतं.

"इंजिन म्हातारं झालंय मामू," मी म्हणाले.

"मी बी झालोय की. मला बी नापास करतीस का?"

नियमाची साखळी मला पाठ होती. पीयूसी नाही तर विमा होत नाही, विमा नाही तर गाडीचं पासिंग होत नाही, आणि पासिंग नाही तर सीमेवरच्या नाक्यावर गाडी अडकते. पासिंगचा कॅम्प दहा दिवसांवर होता. मामू खोक्याच्या दाराशी आले. पंपावर त्या वेळी गर्दी नव्हती, तरी आवाज खाली घेतला. "बेटी, नळी जरा बाहेर धरतेत म्हणे. निम्मी आत, निम्मी बाहेर. लोक करतेत म्हणे."

करतात. नळीत थोडी बाहेरची हवा आली की धूर पातळ होतो. एवढंच. बोटभर सरकवायची होती.

मी नाही म्हणाले. ते तत्त्व होतं की नोकरी जायची भीती, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे आप्पांसाठी आहे. त्यांचा खोकला त्या वर्षी वाढला होता. पूर्वी हंगाम संपला की खोकला संपायचा. त्या वर्षी तो दिवाळीतही होता.

आणि आप्पांनीच संध्याकाळी विषय काढला. पाय धुऊन आत आले, भिंतीला टेकले. "खाजाला कागद देऊन टाक."

"मी देत नसते आप्पा, मशीन देतं."

"मशीन कुणाच्या हातात हाय?"

"तुमचा खोकला ऐकताय का तुम्ही?" मी म्हणाले. "त्या गाडीत बसून तुम्ही रोज तो धूर घेता."

"माझा खोकला मिरचीचा हाय. त्यात खाजाचं काय?" एवढं बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. "रेणा, रस्त्यानं किती गाड्या काळा धूर सोडत जातेत. त्याची एकट्याची थांबवली की हवा साफ व्हती का?"

नियम एकेका गाडीसाठी असतो आणि हवा सगळ्यांची मिळून असते. मधल्या अंतरात काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आई चुलीत फुंकर घालत होती. आप्पा त्या दिवशी गूळ न खाताच जेवायला बसले आणि नंतर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

आठ-दहा दिवसांनी मामू आले. हातात ओल्या हरभऱ्याची जुडी होती. ती माझ्या टेबलावर ठेवली आणि खिशातून घडी केलेला कागद काढून पुढं धरला. दुसऱ्या तालुक्याच्या वाटेवर कुठलासा पंप होता, तिथली पीयूसी. सगळं रीतसर, नंबरप्लेटचा फोटो, आकडा, शिक्का. आकडा इतका छान होता की नव्या गाडीला शोभावा.

"नळी आत घातलीच न्हाई त्यानं," मामू म्हणाले. "हवेतच धरली."

मी कागद बघत राहिले. मला वाटलं, ते चिडवायला आले असतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. उलट खजील झाले होते. "तुझं मशीन बी सरकारी, त्याचं बी सरकारी. तू खोटी न्हाईस, ह्यो कागद बी खोटा म्हणता येत न्हाई. मग मधी खोटी कोण? माझी गाडीच की." आणि जुडीकडं बोट दाखवून म्हणाले, "खा. कवळा हाय."

टेम्पोचं पासिंग झालं. काचेवर कागद चिकटला. हंगाम भरात आला आणि टेम्पो रोज आमच्या दारावरून आप्पांना घेऊन जाऊ लागला. मी दारात उभी राहून बघायचे. रिकामी, उभी गाडी तपासून मी तिला नापास केलं होतं. पण खरा धूर मी कधी तपासलाच नव्हता. तो पोती भरून पुलाचा चढ चढताना निघतो. व्यापारी म्हणतो अजून चार टाक, मामू टाकतात, गाडी वाकते, आणि चढावर मागचा रस्ता दिसेनासा होतो. त्या चढावर कुठल्याच सरकारची नळी नसते.

होळीच्या आठवड्यात एका सकाळी आप्पांना श्वास घेता येईना. अंथरुणावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर, तोंड उघडं. ओठांचा रंग बदलला. गावातली रुग्णवाहिका आधीच एका बाळंतिणीला घेऊन नांदेडला गेली होती. मी कुणाला फोन केला असेल, हे सांगायला नको. पाच मिनिटांत टेम्पो दारात होता. मामूंनी बनियनवरच गाडी काढली होती.

नांदेडपर्यंतचा तो रस्ता मला कधी कधी झोपेतून उठल्यावर आधी आठवतो. आप्पा मधे, मी खिडकीशी. काच बंद केली तर आत गियरच्या दांड्याजवळून धुराचा वास वर यायचा, उघडली तर बाहेरचा. मी ओढणी ओली करून त्यांच्या नाकावर धरली. मामू गाडी शक्य तितकी दामटत होते आणि जितकी दामटत होते तितका धूर वाढत होता. हळू चालवा म्हणावं तर आप्पांकडं बघवत नव्हतं. बाजूच्या आरशात मला मागचा रस्ता दिसत होता. एक मुलगी स्कूटीवर आमच्या मागं होती. तिनं चेहऱ्याला ओढणी घट्ट केली, मग स्कूटीचा वेग कमी केला, मग ती त्या काळ्यात दिसेनाशी झाली. समोर काचेवर तो छान आकड्याचा कागद उन्हात चमकत होता. पहिल्यांदाच मला वाटलं, बरं झालं त्या माणसानं नळी हवेत धरली. नाही तर आज ही गाडी रस्त्यावरच नसती. असं वाटल्याची मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही वाटणं गेलं नाही.

आप्पा वाचले. सात दिवस दवाखान्यात होते. छातीच्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. बिडी? कधीच नाही. घरी चूल? आईची आहे. मोंढ्यात किती वर्षं? रस्त्यावरचा धूर? ते लिहीत गेले.

"यातलं जास्त कशानं झालं, डॉक्टर?" मी विचारलं.

"सगळ्यानं थोडं थोडं," ते म्हणाले. "वेगळं काढून सांगता येत नाही."

मला ते पटलं, पण पटल्यानं बरं वाटलं नाही. रोज पन्नास सायलेन्सर तपासणाऱ्या मुलीला आपल्या बापाच्या छातीत कुणाचा किती धूर आहे, हे कळू शकत नव्हतं. मामू रोज दुपारी यायचे. गाडी दवाखान्यापासून लांब, कोपऱ्यावर लावायचे आणि चालत यायचे. का, ते मी विचारलं नाही.

आप्पांचा मोंढा तेव्हाच सुटला. मामूंचा टेम्पो आणखी दीड वर्ष चालला. मग त्याला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पुन्हा नोंदणी करायची तर गाडी यंत्रांवर तपासून घ्यायची होती, आणि आता तिथं नळी हवेत धरणारं कुणी भेटेल असं मामूंना वाटेना. म्हणाले, "लई झालं. तिला अजून किती जणांपुढं नापास करू?" भंगारवाल्याकडं ती चालवतच नेली. आप्पांनी मला सोबत जायला सांगितलं होतं, पण मामू म्हणाले, नको. एकटेच गेले आणि एसटीनं परत आले.

नियम बरोबर होता. हे मी आजही कुणासमोर म्हणेन. आमच्या रस्त्यावरचा काळा धूर खरंच कमी झालाय. पोरं शाळेतून येताना पूर्वीसारखं नाकावर हात धरत नाहीत, निदान मिरचीचे दिवस सोडून. पण नियम बरोबर असून कुणाचं तरी सगळं जातं, तेव्हा बोट दाखवायला समोर कुणीच नसतं. नियम चुकला असता तर निदान भांडता आलं असतं.

मामू आता एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. नवी, पांढरी गाडी. तिला डिझेलबरोबर एक वेगळं पाणी भरावं लागतं, धूर साफ करायला. त्यात युरिया असतो, असं कळल्यावर मामूंनी खास येऊन मला विचारलं होतं, "युरिया पिकाला घालतेत का गाडीला?" ते पाणी कमी झालं की समोर दिवा लागतो आणि गाडी हट्ट करते. मामूंना त्या दिव्याची भीती वाटते.

परवा ते ती गाडी घेऊन पंपावर आले. वर्ष झालं, पहिली पीयूसी. मी नळी घातली.

"दाबा मामू."

त्यांनी हलकेच पाय ठेवला.

"जोरात दाबा. असं मशीन घेत नाही."

"मालकाची गाडी हाय बेटी," ते म्हणाले. "तूच दाब." आणि उतरले. मग मीच चढून बसले आणि दाबलं. इंजिन ओरडलं, मागच्या भिंतीवर काहीच चढलं नाही. मशीननं आकडा दाखवला. मामू खोक्यात वाकून स्क्रीनकडं बघत होते.

"किती आलं?"

"काहीच नाही म्हटलं तरी चालेल."

ते गाडीच्या मागं गेले. खाली बसले. सायलेन्सर गार व्हायची वाट बघितली आणि तोंडाशी आतून बोट फिरवलं. बोट बाहेर काढून बघितलं, उन्हात धरलं, अंगठ्यावर चोळलं. स्वच्छ होतं. मोंढ्याकडून वारा आला, पंपावरची दोन-तीन माणसं एकदम शिंकली.

"म्हंजी धूर न सोडता बी गाडी चालती," मामू म्हणाले. माझ्याकडं न बघता. "मग माझ्या गाडीतनं निघायचं ते... वीस वर्षं लक्ष्मण माझ्या बाजूला बसला. काच लावू द्यायचा न्हाई, गरम होतंय म्हणायचा. ते सगळं त्यानंच घेतलं की बेटी."

मी कागद छापत होते. प्रिंटरचा आवाज थांबेपर्यंत मला वेळ होता, तो संपला.

"न्हाई मामू," मी म्हणाले. "मिरचीचं हाय ते."

"डॉक्टर म्हणले?"

"हाव. डॉक्टरच म्हणले."

मामूंनी मान हलवली. कागद व्यवस्थित घडी करून मालकाच्या फाइलीत ठेवला. मग गाडीत बसले आणि कुठं घासू नये म्हणून खिडकीतून मान बाहेर काढून, मागं बघत, अगदी हळूहळू गाडी पंपाबाहेर काढत राहिले.